चौघांची जागा

पूर आला त्या दिवशी मशीनवाल्याच्या घरातली आठ माणसं एकाच बोटीतून बाहेर पडली आणि शाळेच्या फाटकातून आत शिरताना त्यांची दोन कुटुंबं झाली.

हे काही पुरानं केलं नव्हतं. पुरानं फक्त घरात छातीएवढं पाणी भरलं, गाद्या तरंगवल्या आणि कपाट आडवं केलं. बाकीचं मशीनवाल्यानं केलं. फाटकाजवळ उभ्या असलेल्या कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की इथं एका स्वयंपाकघराला एक किट मिळतं. किट म्हणजे एक शेगडी, एक बादली, चार पांघरुणं, भांडी, साबण, टॉर्च. घर वेगळं तर किट वेगळं. मशीनवाला जागच्या जागी थबकला, त्यानं धाकट्या भावाला कोपरानं जवळ ओढलं आणि हळूच म्हणाला, "आपण वेगळे राहतो. तू त्या टेबलावर जा, मी इथं थांबतो. आणि सारखं माझ्याकडे बघत राहू नकोस."

धाकट्यानं जन्मात दादाचा शब्द मोडला नव्हता. तो ओल्या कपड्यांनिशी, बायकोला आणि तान्ह्या मुलाला घेऊन पलीकडच्या टेबलाकडे गेला. दोघी जावांनी हे ऐकलं आणि दोघींनाही नेमक्या त्याच वेळी आपापल्या पिशव्या नीट करायची आठवण झाली. आई तेवढी तिथं नव्हती. ती व्हरांड्यात नर्सकडे रक्तदाब मोजून घेत होती आणि दंडाला पट्टा असतानाही, नर्सनं रात्रभरात काही खाल्लंय का, याची चौकशी करत होती.

मशीनवाल्याच्या टेबलावर यादी करणाऱ्या बाई एरवी ग्रंथालयात काम करायच्या. पुस्तक जागेवर नसलं की ज्यांना झोप लागत नाही, त्यांतल्या त्या होत्या. मशीनवाल्याच्या पुढचा माणूस सहाजणांचं कुटुंब सांगून मोकळा झाला तेव्हा बाईंनी त्याला खाली सभागृहात पाठवलं. चारपर्यंत माणसं असली तर वरच्या मजल्यावरच्या वर्गात जागा, पाच किंवा जास्त असली तर सभागृह, असा नियम होता. सभागृह मशीनवाल्यानं येतानाच पाहिलं होतं. तिथल्या फरशीला ओल आली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं पसरली होती आणि संडासाला जायचं तर वीसजणांना ओलांडून जावं लागत होतं.

"कुटुंबात किती जण?" बाईंनी विचारलं.

मशीनवाल्याचा हात टेबलाखाली होता. त्यानं बोटं मोजली. आपण, बायको, दोन मुली, आई. पाच झाली. मग त्यानं अंगठा मिटून घेतला. धाकटा, त्याची बायको आणि बाळ, तिघंच. आई त्यांच्याकडे लिहिली की तेही चार, आपणही चार, दोघांनाही वरची जागा. गणित इतकं सुबक बसलं की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"चार," तो म्हणाला.

पलीकडच्या टेबलावर धाकट्यानं काही मोजलं वगैरे नाही. वडील गेल्यापासून आई दादाची, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की त्यानं सरळ "तीन" सांगून टाकलं. एरवी त्यानं एकदा तरी वळून दादाला विचारलं असतं, पण बघायची मनाई होती. बोटीत चढताना दोघंही "आधी आईला घ्या, आधी आईला घ्या" म्हणून घसा फोडून ओरडले होते. पाण्यात जिला कुणी विसरलं नाही, ती कागदावर मात्र कुणाचीच राहिली नाही.

दोन दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आई एका जागी बसेल तर ना! ती सारी हयात एका रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी घड्या करण्यात घालवून निवृत्त झालेली बाई. शाळेत शिरल्यावर तासाभरात तिनं सामानाची खोली ताब्यात घेतली आणि ढिगानं आलेली पांघरुणं अशी रचली की यादीवाल्या बाई दारात उभ्या राहून बघतच राहिल्या. जेवायची ती स्वयंपाकघरातल्या बायकांबरोबर. झोपायची मशीनवाल्याच्या वर्गात, दोन नातींच्या मध्ये, चौघांच्या जागेत पाचवी. त्यांच्या गल्लीतली बाकीची माणसं दुसऱ्या शाळेत गेली होती, त्यामुळे ही कुणाची कोण, हे सांगणारं इथं कुणी नव्हतं. सगळ्या शाळेची ती आजी झाली होती.

मशीनवाल्याचंही बस्तान छान बसलं होतं. देणगीत आलेली बंद पडलेली दोन शिलाई मशीनं त्यानं पहिल्याच संध्याकाळी चालू करून दिली. तेव्हापासून इथंही सगळे त्याला मशीनवाला म्हणू लागले आणि कुठंही चारजण जमले की त्याचं मत विचारू लागले. मत विचारलं की माणूस फुगतोच, हाही फुगला. तिसऱ्या दिवशी सकाळी सभागृहातला एक भाजीवाला बादल्यांच्या ढिगातून दोन बादल्या उचलताना दिसला, तेव्हा मशीनवाल्यानं सगळ्यांसमोर त्याची कानउघाडणी केली. "माणसं बुडताहेत आणि तुम्हाला दोन दोन बादल्या हव्यात? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!" भाजीवाल्यानं एक बादली खाली ठेवली. यादीवाल्या बाई मशीनवाल्याकडे बघून मानेनंच 'बरं केलंत' म्हणाल्या, आणि ते त्याला दुपारपर्यंत पुरलं.

दुपारी कार्डं वाटायची होती. बाहेरची माणसं आत येऊन जेवून जातात अशी कुरकूर सुरू झाली होती, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं आणि खोलीच्या क्रमांकाचं कार्ड अडकवायचं ठरलं. कार्ड नाही त्याला संध्याकाळपासून जेवण नाही, औषध नाही, रात्री आत जागा नाही. सगळ्यांना मैदानात उभं केलं. बाई पायरीवर उभ्या राहून एकेक कुटुंब पुकारत होत्या.

आईनं या समारंभासाठी केस विंचरले होते. कुणाकडून तरी मागून आणलेल्या कंगव्यानं धाकट्या नातीचेही विंचरले होते. नाव पुकारलं की लगेच पुढे जाता यावं म्हणून ती अगदी पहिल्या ओळीत जाऊन उभी राहिली.

मशीनवाल्याचं नाव आलं. चार कार्डं. आई दोन पावलं पुढे गेली होती, पण चौथ्या कार्डानंतर बाईंनी पान उलटलं. आई थांबली. तिला कळलं की आपण धाकट्याकडे असू. तिनं मागे वळून धाकट्या सुनेला हातानं खूण केली, की आहे मी इथंच, तुम्ही या पुढे. मशीनवाला गळ्यात कार्ड घालून निवांत उभा होता. आता धाकट्याला चार कार्डं मिळणार होती.

धाकट्याला तीन मिळाली.

दोघा भावांनी मैदानाच्या दोन टोकांवरून एकमेकांकडे पाहिलं. दोन दिवस एकमेकांकडे न बघायचं ठरलेलं, आणि आता नजर हलेना.

यादी संपली. माणसं पांगायला लागली आणि मोकळ्या झालेल्या मैदानात आई एकटीच उभी राहिली, विंचरलेल्या केसांनी, कार्ड घ्यायला हात किंचित पुढे करून.

"आजी!" बाईंना नवल वाटलं. त्यांनी पानं मागेपुढे केली. "तुमचं नाव कसं राहिलं? तुम्ही कुणाबरोबर आलात?"

आई मुलांच्या बोलण्याची वाट बघत होती.

"यांचं कुणी आहे का इथं?" बाईंनी मोठ्यानं विचारलं. पांगणारी माणसं थांबली. "आजींचं कुणी आहे का?"

आता सांगून टाकावं, एवढं सोपं होतं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. दोन कुटुंबं खोटी, दुसरं किट खोटं, वरची जागा खोटी. आणि सकाळी बादलीवरून ज्याला झापलं, तो भाजीवाला चार हातांवर उभा होता. मशीनवाल्याच्याच वर्गात राहणारी एक बाई त्याच्याकडे बघत होती. तिनं दोन रात्री आईला त्याच्या मुलींमध्ये झोपलेलं पाहिलं होतं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनंच मान वळवली. लाज त्याला वाटायला हवी होती, ती तिला वाटली.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या मुलीनं तोंड उघडलं. "आमची आ..."

मशीनवाल्यानं तिचा खांदा दाबला. जोरात. पोर कळवळून गप्प झाली.

आईनं तो हात पाहिला. ती मुलाच्या तोंडाकडे बघतच नव्हती, हाताकडे बघत होती. मग ती वळली आणि अगदी रोजच्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "मी एकटीच आहे हो. कुणी नाही माझं. लिहा तसं."

बाईंनी तसा फॉर्म भरला. आईनं सही केली. एकट्या माणसांसाठी संगीताच्या वर्गात सोय होती. बाई स्वतः तिची पिशवी उचलून तिला तिकडे घेऊन गेल्या.

नळापाशी दोघं भाऊ भेटले तेव्हा आधी कोणी बोलायचं, हा प्रश्नच नव्हता. धाकटा लालबुंद झाला होता. "आई तुझ्याकडे असते ना रे दादा! कायम तुझ्याकडे असते!"

"तुझी तीनच माणसं होती. मला वाटलं तू लिहिशील. आम्ही पाच झालो असतो."

धाकटा सावकाश म्हणाला, "म्हणजे तू मोजलं होतंस."

धाकटा विसरला होता. विसरणं माफ होतं. आपण विसरलो नव्हतो. आपण आईला मोजलं आणि मग वजा केलं, हे आता मशीनवाल्याला इतकं लख्ख दिसलं की नळाखाली धरलेली बादली भरून वाहू लागली तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

बायको वर्गात भिंतीकडे तोंड करून कपडे वाळत घालत होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "टेबलापाशी मी तुमच्या मागंच उभी होते. मी का नाही बोलले?" हे ती त्याला विचारत होती की स्वतःला, कुणास ठाऊक. थोरली मुलगी खांदा चोळत बसली होती. तो जवळ गेला तेव्हा ती बहिणीच्या पलीकडे सरकली. चौघांच्या जागेत आता खरोखरच चारजण होते आणि जागा उरत होती.

चार वाजता तो संगीताच्या वर्गात गेला. एका कोपऱ्यात तबले कापडानं झाकून ठेवले होते. एक म्हातारा पहारेकरी आणि एक निवृत्त शिक्षिका आपापल्या गादीवर बसले होते आणि आई त्यांची पांघरुणं घडी करत होती. त्याला दारात पाहून तिचा हात थांबला नाही.

"अहो, या ना, बसा," ती म्हणाली. मग त्या दोघांकडे वळून, "हे मशीनवाले. वरच्या वर्गात असतात, बायकोमुलींबरोबर. फार गुणी माणूस. ती शिवणाची मशीनं यांनीच चालू केली बरं का."

आईनं जन्मात पहिल्यांदा त्याला अहो म्हटलं होतं. "आई," तो कसाबसा म्हणाला.

"हो, इथं सगळे मला आईच म्हणतात," ती त्या दोघांना म्हणाली आणि हसली. शिक्षिकाही हसल्या. "तुमचा स्वभावच तसा आहे," त्या म्हणाल्या.

आई त्याचं खोटं सांभाळत होती. चुरगळलेली चादर ताणून, कडा जुळवून, वर हात फिरवून ठेवावी तसं नीटनेटकं. तिला त्यात काही जड जात नव्हतं, किंवा जात असलं तरी ती दाखवत नव्हती. मशीनवाल्याला तिथं पाच मिनिटं बसवेना. तो उठला तेव्हा ती दारापर्यंत आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "रात्री पोरींच्या अंगावर पांघरूण घाल. धाकटी लाथा झाडते."

त्या रात्री धाकटीनं खरंच चारदा पांघरूण लाथाडलं. चारही वेळा मशीनवाला जागाच होता.

सकाळी त्यानं धाकट्याला हाक मारली. धाकट्याच्या बायकोनं शेगडी घासूनपुसून दिली होती, पण वापरलेली शेगडी वापरलेलीच दिसते. साबण निम्मा झाला होता. दोघा भावांनी ते सगळं बादलीत भरलं आणि एकानं कडी, एकानं पांघरुणांचा गठ्ठा धरून ते खाली निघाले. सभागृहाच्या दारात भाजीवाला दात घासत उभा होता.

"काय मशीनवाले," तो म्हणाला, "जास्तीचं झालं वाटतं?"

"हो," मशीनवाला म्हणाला. "जास्तीचंच होतं."

भाजीवाल्यानं थट्टा केली होती, त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तो दात घासणं अर्धवट सोडून बाजूला झाला आणि त्यानं वाट दिली. शिवी दिली असती तर मशीनवाल्यानं ती आनंदानं घेतली असती.

यादीवाल्या बाईंच्या टेबलापाशी औषधासाठी रांग होती. मशीनवाल्यानं बादली खाली ठेवली. बाजूला बोलावून सांगता आलं असतं, पण काल मैदानात जे झालं ते बाजूला झालं नव्हतं, म्हणून तो रांगेसमोरच बोलला. "आम्ही दोघं भाऊ एकाच घरात राहतो. एकाच स्वयंपाकघरात जेवतो. हे किट जास्तीचं घेतलं. आणि त्या आजी, त्या आमच्या आई आहेत."



बाईंनी चष्मा काढला. "काल मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही समोरच उभे होता."

"हो."

"किटचं एक वेळ समजू शकते मी," बाई म्हणाल्या. त्यांनी फायलीतून आईचा फॉर्म काढला. "इथं त्यांनी सही केली आहे की जवळचं कुणी नाही. तुमच्या सांगण्यावरून मी हे खोडू शकत नाही. उद्या कुणीही येईल आणि म्हणेल ही माझी आई. त्यांनाच सांगावं लागेल."

आईला बोलावणं गेलं. तोवर मशीनवाला टेबलाशी उभा राहिला, मागे धाकटा, आणि सगळी रांग त्यांच्या पाठीकडे बघत होती. काल आपण किती वेळ गप्प राहिलो, ते तो आठवत होता. सगळं मैदान थांबावं इतका वेळ. पोरीचा खांदा दाबावा इतका वेळ. आईनं आज निदान तेवढा तरी वेळ घ्यावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिनं त्याला ताटकळत ठेवावं, लोकांसमोर घाम फोडावा, हवं तर 'मी नाही ओळखत' म्हणावं. तेवढी फेड झाली तर कदाचित मान वर करता आली असती.

आई पदराला हात पुसत आली. तिनं टेबलाजवळची बादली पाहिली, शेगडी पाहिली, दोघांची तोंडं पाहिली.

"आजी," बाई म्हणाल्या, "नीट विचार करून सांगा. हे गृहस्थ म्हणताहेत की तुम्ही यांच्या..."

"माझाच आहे," आई म्हणाली.

बाईंचं वाक्यही पुरं झालं नव्हतं. तिनं श्वास घेण्याइतकाही वेळ घेतला नव्हता.

"हा थोरला, तो मागचा धाकटा. दोन्ही माझेच. खोडा ते."

आणि मग मशीनवाल्याला सावरता आलं नाही. औषधाच्या रांगेसमोर, ग्रंथालयाच्या बाईंसमोर, बादलीशेजारी उभा राहून तो हमसून हमसून रडायला लागला. कपडे ओले झाले, घर बुडालं, तेव्हाही तो रडला नव्हता. आईनं त्याला जवळ घेतलं नाही की डोळे पुसले नाहीत. तिनं बाईंच्या हातून पेन घेतलं, दाखवतील तिथं सही केली आणि पेनाचं टोपण लावून परत दिलं.

"पुरे आता," ती म्हणाली. "मागं आजारी माणसं खोळंबलीत. हो बाजूला."